शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि ऑनलाइन मदत

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगामुळे माझा एक स्तन आणि त्या बाजूच्या काखेतील गाठी काढल्या, त्याला पाच आठवडे झाले. जखम भरली आहे. मात्र दंडाच्या आतल्या बाजूला आग होते, कपड्याचा स्पर्शही नकोसा वाटतो आणि हात वर नेला की काखेत दोरी ताणल्यासारखे दुखते. रुग्णालय लांब आहे व पुढची तपासणी महिन्याभराने आहे. मोबाइलवरच्या रुग्णांच्या गटात कोणी गरम पाण्याने शेकायला सांगते, तर कोणी स्वतःला लागू पडलेली नसांची गोळी सुचवते. अशा मदतीवर किती विसंबावे?

उत्तर : आपण दोन निराळ्या दुखण्यांचे वर्णन केले आहे आणि ते इतके नेमके आहे की हेच शब्द आपल्या डॉक्टरांना जसेच्या तसे पाठवावेत. दुसऱ्या बरगडीच्या खालून निघणारी एक संवेदना-नस काखेतून दंडाच्या आतल्या बाजूकडे जाते. काखेतील गाठी काढताना ती ताणली जाते, कधी कापलीही जाते. त्यामुळे त्या भागात बधिरपणा, मुंग्या, आग होणे किंवा हलका स्पर्शही न सोसणे असे त्रास होतात आणि त्यांचा जखम भरण्याशी फारसा संबंध नसतो. दोरीसारखा ताण हा बहुधा काखेपासून कधी कोपरापर्यंत, तर कधी त्याही खाली त्वचेखाली उमटणाऱ्या कडक तंतूंचा असतो. तो शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांत दिसू लागतो आणि योग्य व्यायामाने बहुतेकींचा हळूहळू सुटतो. मात्र दुखते म्हणून हात अंगाशी धरून ठेवला, तर खांदा आखडतो आणि तिसरे दुखणे मागे लागते.

या दोन्हींसाठी व्हिडिओवरून घेतलेला सल्ला खरोखर उपयोगी पडतो. कॅमेऱ्यासमोर हात सावकाश पुढून व बाजूने वर नेऊन दाखवला, तर तो कुठे अडतो आणि दोरी कुठे उमटते हे फिजिओथेरपिस्टला दिसते. व्यायाम दाखवता येतो आणि आपण तो बरोबर करता की नाही, हेही पाहता येते. स्क्रीनवरून जे कळत नाही ते म्हणजे त्वचेखाली पाणी साचले आहे का, जागा गरम लागते का आणि हाताला सूज चढू लागली आहे का. त्यासाठी कोणीतरी प्रत्यक्ष हात लावून पाहावे लागते, म्हणून शंका असल्यास महिनाभर थांबू नये.

शेकण्याचा सल्ला मात्र मानू नये. बधिर झालेल्या त्वचेला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येते. बर्फाचेही तसेच आहे.

दुसऱ्या कोणाची गोळी घेणे त्याहून धोक्याचे आहे. नसांच्या वेदनेवरील गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन या औषधांनी गुंगी व चक्कर येते, मूत्रपिंडे कमजोर असल्यास मात्रा कमी करावी लागते आणि ती एकाएकी बंद करता येत नाहीत. नसांच्या वेदनेवरच दिल्या जाणाऱ्या ड्युलॉक्सेटिनचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याला टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरील गोळी सुरू असेल किंवा होणार असेल, तर टॅमॉक्सिफेन अंगी लागण्यासाठी यकृतात त्याचे रूपांतर व्हावे लागते आणि ड्युलॉक्सेटिन त्या रूपांतरात काही प्रमाणात अडथळा आणते. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे हा अडथळा अधिक आणतात. गटातल्या मैत्रिणीचा अनुभव खरा असतो, पण तिच्या औषधांची यादी आपली नसते.

तरीही गट सोडा, असे मी म्हणणार नाही. रात्री हाताखाली उशी कशी घ्यावी, दुखले की आजार उलटल्याची भीती कशी घेरते, हे ज्या बाईने सोसले आहे तीच नीट सांगते. एवढे मात्र लक्षात ठेवावे की ज्यांचे दुखणे थांबले त्या बहुधा लिहिणे थांबवतात आणि ज्यांचे रेंगाळले त्या लिहीत राहतात, त्यामुळे तिथले चित्र प्रत्यक्षापेक्षा काळे दिसते.

ऑनलाइन मदतीचा खरा कस एकच : आपण लिहिलेले उपचार करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचते का? अमेरिकेतील मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात 766 रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात काही रुग्ण केमोथेरपीच्या काळात आपली लक्षणे संगणकावर नोंदवत आणि त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जाई. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांचे जीवनमान नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपेक्षा चांगले राहिले आणि त्यांना तातडीच्या विभागात कमी वेळा जावे लागले. त्या रुग्णांचा आजार पसरलेला होता, आपली स्थिती तशी नाही. पण नोंद वाचणारे कोणी होते म्हणूनच तिचा उपयोग झाला, असे मला वाटते. आपणही रोज दोन ओळी लिहाव्यात : स्वस्थ बसल्यावर आणि हात हलवल्यावर वेदना शून्य ते दहापैकी किती, झोप मोडली का, गोळी किती वाजता घेतली आणि तासाभराने काय फरक पडला. नुसता ‘सात’ हा आकडा डॉक्टरांना फार काही सांगत नाही, ‘केस विंचरता येत नाहीत’ हे वाक्य बरेच सांगते. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही आग टिकली, तर वेदनातज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती करावी.

प्रश्न : पत्नीला शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी ड्रेनसह (जखमेतील पाणी बाहेर काढणाऱ्या नळीसह) घरी आणले. सवय लागेल या भीतीने ती गोळ्या टाळते. रुग्णालयाने संदेश पाठवण्यासाठी क्रमांक दिला आहे. संदेश केव्हा पाठवावा आणि थेट केव्हा जावे?

उत्तर : पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. डॉक्टरांनी ते ठरावीक तासांनी लिहून दिले असेल, तर दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठीही 24 तासांत 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, वजन कमी असल्यास किंवा यकृताचा आजार असल्यास ती आणखी खाली येते. सर्दीच्या आणि काही मिश्र वेदनाशामक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून वेष्टन वाचावे. ट्रॅमाडॉलसारखे तीव्र औषध सांगितलेले थोडेच दिवस घेतल्यास सवयीचा धोका कमी असतो. बद्धकोष्ठ मात्र बहुधा होतेच, त्यावरचा उपाय पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा.

गोळी घेऊनही झोप लागत नसेल, उलट्या होत असतील किंवा ड्रेनच्या तोंडाशी टोचत असेल, तर संदेश पुरे. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक, पसरत जाणारी लाली, पू, छातीवर एकाएकी फुगलेली सूज किंवा ड्रेनमध्ये अचानक वाढलेले लालभडक रक्त यांसाठी त्याच दिवशी फोन करून रुग्णालय गाठावे. धाप लागणे, छातीत कळ येणे किंवा एका पोटरीला सूज येऊन दुखणे असे झाल्यास संदेशाच्या उत्तरासाठी थांबू नये, ताबडतोब तातडीच्या विभागात न्यावे.