पडायची भीती, उठायची चोरी

"मॅडम, आईला चालू द्यायचं की बसवून ठेवायचं, तेवढं एक सांगा."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. हे बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला, घर खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. आई ७४ वर्षांची. पावसाळ्यात न्हाणीत घसरली, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात जुळला. पण तेव्हापासून घरात दिवसभर एकच चाललेलं: "आई, उठू नको." पाणी जागेवर, ताट जागेवर. आई बोलेनाशी झाली म्हणून ते माझ्याकडं आले होते.

म्हाताऱ्या माणसांच्या घरच्यांना सल्ला देणं हे माझं काम, आणि हा प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ. म्हणून ही हकीकत लिहितेय, ओळख पटणार नाही इतपत बदल करून.

मी त्यांना म्हटलं, बसवून ठेवलं तर पुन्हा पडण्याचीच तयारी होते. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं गेलंय. तेवढ्यात पायांचं मांस किलोभर उतरलं. यांची आई चार महिने बसून होती. आणि मनगट मोडल्यावर हाडांची तपासणी कुणी सांगितली होती का? नाही. उभ्या उभ्या पडून हाड मोडलं की हाड मुळात ठिसूळ झालंय का ते बघायचं असतं, कारण एकदा मोडलेल्याला पुढच्या वेळी खुब्याचं हाड मोडण्याचा धोका जास्त. आपल्याकडं हात जुळला की विषय संपतो. जगभरात पडण्यानं वर्षाला ६ लाख ८४ हजारांच्या आसपास माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात साठीपुढची सगळ्यात जास्त. तरी घरोघरी "वय झालं, पडायचंच" एवढ्यावर भागतं.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. चिऱ्याचं जुनं घर, दारातल्या पायऱ्यांवर अजून हिरवं शेवाळ. संडास परसात. न्हाणीत मात्र नवीकोरी चकचकीत फरशी. मुलानं हौसेनं दाखवली, "आईसाठीच घातली, जुनी शहाबादी खडबडीत होती." मी काही बोलले नाही. त्यांच्याच लक्षात आलं आणि ते खाली बघत राहिले.

आज्जींशी मी एकटीनं बोलले. सुनेला चहाला पाठवलं, मुलाला बाहेर. थोडा वेळ इकडचं तिकडचं, यंदाच्या भाताचं. मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि दोनदा पडले की मी. सांगितलं न्हाई."

"का हो?"

"एकदा पडले तर कोठीची किल्ली गेली. आता सांगितलं तर उंबऱ्याभायर पण सोडायची न्हाईत."

दोन्ही वेळा रात्रीच. संडासला उठायचं आणि कुणाला हाक मारायची लाज, म्हणून चार वाजल्यापासून पाणी बंद. अंगात पाणी कमी, त्यात बीपीची गोळी, आणि अंधारात एकदम उठणं. डोळ्यांपुढं काजवे चमकणारच. इतके दिवस घरचे वयाला दोष देत होते आणि आज्जी आपल्या नशिबाला. गोळ्यांचा कागद कानडीत. तो वाचणारी घरात एकच, सातवीतली नात, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

गोळ्यांत मी हात घालत नाही. डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी झोपवून आणि मग उभं करून बीपी मोजलं, फरक बघून गोळी बदलली. हाडं किती भरीव आहेत ते बघणारी डेक्सा तपासणी झाली, तिचा आकडा म्हणजे टी-स्कोअर उणे २.५ च्याही खाली आला, म्हणजे हाडं ठिसूळच. हाडांचं औषध सुरू झालं, ड जीवनसत्त्वाचंही. नाचणी घरातच होती. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम. पण नाचणीनं औषध सुटत नाही, हे सुनेला दोनदा सांगावं लागलं.

न्हाणीत खडबडीत पट्ट्या आणि भिंतीला लोखंडी दांडी बसली. दांडी मुलानं स्वतः बसवली, फौंड्रीतलं माणूस, हत्ती लोंबकळला तरी हलायची नाही अशी. रात्रीसाठी खाटेजवळ कमोडची खुर्ची आणि छोटा दिवा. उठताना आधी काठावर बसून पंचवीसपर्यंत मोजायचं. नातीनं त्याचा खेळ केला, आज्जी मराठीत मोजायची आणि ती कानडीत.

व्यायामही सोपाच, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. दीड महिन्यानं लागोपाठ सहा वेळा.

सगळ्यात अवघड गेली ती किल्ली. मुलगा म्हणाला, "कोठीत पोती आहेत, अडखळली तर?" मी म्हटलं, पोती हलवा. दोन आठवडे घासाघीस चालली. शेवटी सुनेनंच किल्ली आज्जींच्या कमरेला खोचली, मुलाला न विचारता.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज धास्तावलेला. "मॅडम, आई शेजारी गेलीय. एकटी. काठी इथंच दाराला टेकवून."

मला हसू आवरेना. म्हटलं, "काठी घेऊन जा. पण वाटेत हाका मारत जाऊ नका, दचकून वळतील."