थेरपिस्टच्या डोक्यात आधीच काय बसलंय?

प्र. मी गे आहे, हिंजवडीत नाइट शिफ्ट. झोप लागत नाही म्हणून थेरपिस्टकडे गेलो तर प्रत्येक सेशनमध्ये गाडी वडिलांवरच अडकते. झोप तशीच. – कोथरूड

उ. वडिलांबद्दल विचारणं चूक नाही हो, पण शिफ्ट कधी सुटते, कॉफी किती होते, दिवसा रूमवर अंधार होतो का हे आधी विचारायला हवं होतं, लग्न झालेल्या मुलाला पहिल्या दहा मिनिटांत विचारलं असतं. 'गे' कानावर पडलं की बाकी तक्रार त्याखाली दबते. उलटंही होतं, "आमच्याकडे सगळे सारखेच" म्हणायचं आणि घरच्यांचा लग्नाचा तगादा, रूममेटपासून लपवालपवी, यातलं काहीच विचारायचं नाही. पुढच्या वेळी सरळ विचारा, झोपेचं काय करायचं? गोलगोल उत्तर आलं तर थेरपिस्ट बदला.

प्र. भाऊ चिडला तर कामाचा ताण, मी चिडले तर "इमोशनल आहात, जरा जुळवून घ्या". आणि काउन्सेलर बाईच होत्या! – सिंहगड रोड

उ. बाई असल्या म्हणून काय झालं? १९७० साली अमेरिकेत ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचाराच्या तज्ज्ञांकडून निरोगी पुरुष, निरोगी बाई आणि नुसता निरोगी माणूस अशी वर्णनं घेतली. माणूस आणि पुरुष जवळपास एकच निघाले, बाई मात्र हळवी, पटकन दुखावणारी, आणि त्या तज्ज्ञांत बायकाही होत्या, त्यांचीही उत्तरं तशीच! म्हणजे बाईसारखं वागलात तर निरोगी माणसात बसत नाही, माणसासारखं वागलात तर बाईत. अभ्यास जुना आहे, पण तुमचं पत्र कालचंच आहे ना. तुमचा राग कशावर आहे हे त्यांनी विचारलं का, तेवढं मला कळवा.

प्र. मुलगा समलिंगी आहे म्हणतो. काउन्सेलिंगने बदलेल का? – सदाशिव पेठ

उ. नाही. आजारच नाही तो, अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्येच आजारांच्या यादीतून काढलाय. "बदलून देतो" म्हणणारा डॉक्टर भेटला तर लांब राहा, २०२२ पासून नॅशनल मेडिकल कमिशनच्या लेखी ते गैरवर्तन आहे. तुम्हाला स्वतःला धक्का बसला असेल तर तुम्ही जरूर जा.

प्र. एम.ए. सायकॉलॉजी करतेय. स्वतःचा पूर्वग्रह कसा पकडू? – कर्वेनगर

उ. केस लिहून झाली की 'त्याचा पार्टनर' खोडून 'त्याची बायको' लिहा आणि परत वाचा. निदान बदलावंसं वाटलं तर तिथेच थांबा. 'बॉर्डरलाइन' (माणसं सोडून जातील ही भीती सतत असणारा व्यक्तिमत्त्वाचा विकार) लिहिताना तर नक्कीच, कारण घरच्यांनी तोडलेल्या पोराची भीती आणि आतून आलेली भीती कागदावर एकसारखीच दिसते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही म्हणतो, समाजाच्या चालीरीतीत बसत नाही म्हणून कुणाला आजारी ठरवता येत नाही. खोडाखोडीसकट तीच वही सुपरव्हायझरला दाखवा, फेअर करून नको.