डाग आधी दाखवा: जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीबद्दल तुमचे प्रश्न

जुन्या, वापरलेल्या वस्तू शोधून आणायच्या, साफ करायच्या आणि ऑनलाइन विकायच्या, या धंद्याबद्दल यावेळी इतकी पत्रं आलीत की सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बरेचसे प्रश्न सारखेच होते, त्यामुळे एकेकच घेतेय.

प्रश्न: ताई, मी जुने कपडे, पर्सेस, थोडी शोभेची भांडी असं काय काय घेऊन ऑनलाइन विकते. विक्री होते, ऑर्डर येत असतात, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही आणि खोलीतला माल मात्र वाढतच चाललाय. नवरा म्हणतो हा छंद आहे, धंदा नाही. माझं नक्की कुठे चुकतंय?

उत्तर: अगं, तुझी विक्री ठीक चाललीये, गडबड खरेदीत आहे. या धंद्यात फायदा वस्तू घेतानाच ठरतो, विकताना फक्त तो हातात येतो. आपण काय करतो, वस्तू शंभरला मिळाली, अडीचशेला गेली, म्हणजे दीडशे सुटले असं मनात धरतो. आता नीट मांडून बघ. साइटचं कमिशन पंधरा टक्के धरलं तर साडेसदतीस गेले, पॅकिंगचे पंधरा, डिलिव्हरीतला तुझा वाटा चाळीस. उरले साडेसत्तावन्न. त्यात धुणं, इस्त्री, फोटो, मापं, वर्णन लिहिणं, दहा जणांच्या मेसेजना उत्तरं आणि शेवटी पार्सल बांधणं, याचा दीड तास धर. आणि एखादं पार्सल परत आलं की दोन्हीकडचा खर्च तुझ्यावर, म्हणजे पुढच्या दोनतीन विक्रींची कमाई त्यातच गेली.

म्हणून हिशोब उलटा करायचा. वस्तू हातात घेतली की आधी बघायचं ती विकली कितीला जाते. लोक कितीला विकायला ठेवतात ते बघू नकोस, ते आकडे कोणीही काहीही टाकतं. बऱ्याच मोठ्या साइटवर विकल्या गेलेल्या वस्तू बघायचा फिल्टर असतो, तो लावायचा. आणि तिथे किंमतीबरोबर अजून एक गोष्ट बघ जी बहुतेक जण बघतच नाहीत, की तसा माल सध्या किती पडून आहे आणि गेल्या तीन महिन्यांत किती गेलाय. शंभर पडून असतील आणि पाचच गेले असतील तर किंमत कितीही छान दिसू दे, ती पर्स तुझ्या खोलीत वर्षभर राहणार. चाळीसपन्नास गेले असतील तर डोळे झाकून नाही पण निवांत घे. मग त्या खऱ्या किंमतीतून कमिशन, पॅकिंग, डिलिव्हरी, परतीसाठी थोडी बाजूला ठेवलेली रक्कम आणि तुझ्या वेळेचे पैसे वजा कर, उरेल ती तुझी खरेदीची कमाल किंमत. त्याच्या वर एक पैसा नाही, वस्तू कितीही आवडली तरी.

भांड्यांचं वेगळं सांगते कारण तिथे फार जण फसतात. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचं आकारमानही बघतात, आणि दोन्हींतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. बऱ्याच कंपन्या लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात. म्हणजे दीड किलोचा दिवा नीट गादी घालून ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्यात ठेवलास तर तो कागदावर ७.२ किलोचा होतो! असा दिवा घेण्याआधीच खोकं डोळ्यासमोर आणायचं.

आता खोली. जो माल अजून साइटवर टाकलेला नाही तो माल नाहीच, ते तुझे अडकलेले पैसे आहेत. त्यामुळे आहे ते सगळं चढेपर्यंत नवीन खरेदी बंद. जे चढवून सहा महिने झालेत त्याची किंमत उतरव, तरी नाही गेलं तर पाचसहा वस्तूंचा एकत्र गठ्ठा करून काढून टाक, तोटा झाला तरी चालेल, कारण त्या पैशात तू पटकन जाणारी वस्तू घेऊ शकतेस. आणि एक वही कर, साधी, प्रत्येक वस्तूची एक ओळ: कधी घेतली, कितीला, कधी चढवली, कधी गेली, वरखर्च किती, हातात किती. छंद की धंदा हे नवऱ्याला ती वहीच सांगेल, तू वाद घालत बसू नकोस.

प्रश्न: मी निवृत्त आहे. जुने कॅमेरे, रेडिओ याची आवड, ते घेऊन दुरुस्त करून विकतो. हल्ली दोन कॅमेरे परत आले, गिऱ्हाईकाचं म्हणणं लेन्समध्ये बुरशी आहे. मला तर काच स्वच्छ दिसत होती. आणि ताई, सगळे दोष लिहीत बसलो तर घेणार कोण?

उत्तर: काका, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण माझ्या मते सगळा धंदा त्यावर उभा आहे. ई-बे ही साइट १९९५ साली पिअर ओमिद्यार यांनी सुरू केली, तेव्हा तिचं नाव ऑक्शनवेब होतं, आणि तिथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू होती एक बंद पडलेला लेझर पॉइंटर. तो गेला १४ डॉलर ८३ सेंट्सना. ओमिद्यार यांनी घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं की बाबा, हा बंद आहे हे कळलंय ना तुला, तर तो म्हणाला मी बंद पडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. सांगायचं काय, तर दोष असलेल्या वस्तूलाही गिऱ्हाईक असतं, फक्त त्याला दोष आधी कळायला हवा. कोणाला सुटे भाग हवे असतात, कोणाला दुरुस्तीची हौस असते, कोणाला नुसता शोकेसमध्ये ठेवायचा असतो. लपवलेला दोष मात्र कोणालाच नको असतो. दुकानात गिऱ्हाईक वस्तू उलटीपालटी करून बघतं, इथे त्याच्याजवळ तुमचे फोटो आणि तुमचे शब्द एवढंच आहे.

बुरशी कशी बघायची ते सांगते. लेन्स निघत असेल तर काढा, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं लहानमोठं होणारं छिद्र, पूर्ण उघडा, खोलीतला दिवा घालवा आणि मागून टॉर्च तिरका मारून पुढून बघा, मग टॉर्चचा कोन हळूहळू बदला. साध्या उजेडात जी काच लख्ख वाटते तिच्यात कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे एकसारखा दुधाळ पडदा दिसला तर तो वेगळा दोष, त्याला हेझ म्हणतात, त्यानेही फोटो फिका येतो. सुटे ठिपके दिसले तर धूळ आहे, जुन्या लेन्समध्ये थोडी असतेच आणि तिने सहसा फोटोला काही होत नाही. टॉर्च लावून दिसतं तसाच एक फोटो काढून टाका, बुरशी असली तरी टाका आणि नसली तर नक्कीच टाका, जाणकार गिऱ्हाईक तोच फोटो शोधत असतं.

लेन्सच कशाला, मागचं झाकण उघडून खाचांमधल्या काळ्या फोमला बोट लावा. जुना फोम वितळून चिकट होतो, बोटाला काळं लागतं, आणि तिथून उजेड आत शिरून फिल्म खराब होते. शटर एक सेकंदावर ठेवून ऐका, बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत वेगाचे स्पीड ठीक असतात आणि हळूचे अडकतात. बॅटरीच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट खपली असेल तर ती बहुतेक अल्कलाइन बॅटरी गळल्याची असते, कानकाडीला किंचित व्हिनेगर लावून पुसली तर निघते, पण नंतर कोरडं करायला विसरू नका आणि पुसलं आहे हेही लिहा. शिवाय साठ-सत्तरच्या दशकातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेले होते, त्या आता बनत नाहीत, आणि १.५ व्होल्टची टाकली तर कित्येकांचा लाइटमीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, चुकीचा दाखवतो. हे एक वाक्य वर्णनात असलं की 'मीटर बिघडलेला निघाला' ही तक्रार येत नाही.

आणि ते 'टेस्ट केलेलं नाही' लिहिणं कृपा करून सोडा. गिऱ्हाईक त्याचा अर्थ 'बंद आहे आणि सांगायचं नाहीये' असाच घेतं. काय तपासलं, काय तपासायला जमलं नाही आणि का, एवढं सरळ लिहा. व्हॉल्व्हचा रेडिओ वर्षानुवर्षं बंद असेल तर घाईने प्लगमध्ये घालूच नका, आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, जुने होऊन निकामी झालेले असू शकतात. तुम्ही स्वतः दुरुस्ती करता म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल, पण घेणाऱ्यासाठीही तो इशारा लिहा.

प्रश्न: जुनी वस्तू किती जुनी आहे हे कसं ओळखायचं? सगळेच व्हिंटेज लिहितात.

उत्तर: लिहू देत, तू वस्तू उलटी करून बघ. खाली 'मेड इन वेस्ट जर्मनी' असेल तर ती १९४९ ते १९९० मधली, कारण त्यानंतर तो देशच वेगळा राहिला नाही. पुस्तकावर दहाच आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख नंबर) असेल तर ते बहुधा २००७ च्या आधी छापलेलं, तेव्हापासून तेरा आकडी आला, आणि मुळात ही पद्धत १९७० च्या सुमाराची, त्यामुळे नंबरच नाही म्हणजे पुस्तक त्याहून जुनं असू शकतं (नक्की नाही, लहान प्रकाशक नंतरही नंबराशिवाय छापत होते). चमच्याकाट्यावर ९२५ असेल तर ९२.५ टक्के चांदीचा दावा, पण ईपीएनएस असेल तर आत निकेल-पितळेचा मिश्रधातू आणि वर चांदीचा मुलामा, ते चांदी म्हणून विकलंस तर ती फसवणूकच. शिक्क्याची नक्कलही होते, म्हणून शिक्क्याबरोबर झीज, वजन, शिवण, स्क्रू सगळं जुळतंय का बघ. नाहीच कळलं तर वय लिहू नकोस, खालच्या शिक्क्याचा स्पष्ट फोटो टाक, जमवणारे लोक आपल्यापेक्षा जास्त ओळखतात.

प्रश्न: जुन्या कपड्यांचा आणि पुस्तकांचा वास जात नाही, सेंट मारला तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार, दोन वास होतात आणि गिऱ्हाईकाला लगेच संशय येतो. कपडे धुऊन वाऱ्यावर, सावलीत दोनतीन दिवस. पुस्तक मोठ्या डब्यात उभं उघडून ठेव, तळाशी वाटीत खाण्याचा सोडा, पुस्तकाला सोडा लागू द्यायचा नाही, झाकण लावून आठवडाभर. लोकरीचे कपडे असतील तर पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेव, कसर मरते, नाहीतर एका शालीतून सगळ्या मालात पसरेल. तरी वास राहिलाच तर 'थोडा जुना वास आहे' लिहून टाक. आणि कपड्याच्या लेबलवरच्या साइजवर विसंबू नकोस, कपडा सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावून फोटो काढ, परत येणारे कपडे तिथेच निम्मे कमी होतील असं मला वाटतं.

प्रश्न: एकाने ठरल्यापेक्षा जास्त पैसे 'चुकून पाठवले' असा मेसेज केला, स्क्रीनशॉटही पाठवला, वरचे परत मागतोय. देऊ का?

उत्तर: अजिबात नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत. स्वतःच्या बँकेचं अ‍ॅप उघडून बघा, आणि रक्कम आलेली दिसली तरी त्याला हाताने पाठवू नका, ज्या रस्त्याने आले त्याच रस्त्याने बँकेमार्फत किंवा साइटमार्फत व्यवहार रद्द करा. साइटबाहेर बोलूया, ओटीपी सांगा, लिंकवर कार्ड नंबर भरा, यातलं काहीही आलं की संवाद बंद करून ब्लॉक करा.

प्रश्न: ताई, मी एक ब्रँडेड पर्स चांगल्या किंमतीला घेतली, आता कळतंय ती नकली आहे. 'कॉपी आहे' असं स्पष्ट लिहून विकली तर? सगळं खरं सांगायचं असं तुम्हीच म्हणता ना.

उत्तर: इथे खरं सांगूनही चालत नाही गं. नकली ब्रँडचा माल विकणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, लिहून विकलं तरी, आणि साइटवाले लिस्टिंग काढून टाकतात, एवढंच काय, अख्खं खातं बंद करू शकतात, मग बाकीचा सगळा माल घेऊन तू कुठे जाणार? शिवाय तुझ्याकडून कॉपी म्हणून घेणारा पुढे ती अस्सल म्हणून विकेल. त्याच रांगेत अजून दोन वस्तू: जुनं हेल्मेट आणि लहान मुलांची गाडीतली सीट. हेल्मेटच्या आतला फोम एकदा धक्का बसला की दबतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे तू कितीही प्रामाणिकपणे लिहिलंस तरी तुला स्वतःलाच माहीत नसतं ते सुरक्षित आहे का. ही दोन मी कधीच विकायला सांगणार नाही.

पर्सचं असं कर, जिथून घेतलीस त्याला आधी कळव आणि पैसे परत माग, साइटवरून घेतली असशील तर तक्रारीची मुदत असते, ती निघून जायच्या आत कर. नाहीच मिळाले तर वहीत तोटा म्हणून लिही. आणि त्या पर्सची शिवण, चेन, आतलं अस्तर, अक्षरांचे छाप यांचे जवळून फोटो काढून ठेव, पुढच्या वेळी घेताना फोनमध्ये समोर ठेवून ताडून बघता येतील.