आकडा थांबला म्हणजे समतोल आला?

रबाळ्याच्या लॅबमध्ये नवीन लागलायस म्हणून आधीच सांगतो. लागोपाठ दोन टायट्रेशनचे (नमुन्यात किती ॲसिड आहे ते अल्कली घालून मोजण्याचे) आकडे जुळले की वहीत ‘समतोल आला’, म्हणजे पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू झाली, असं लिहून मोकळा होऊ नकोस. मीही पहिल्या महिन्यात हेच केलं होतं.

ॲसेटिक ॲसिड आणि इथेनॉल या अल्कोहोलचंच घे. त्यातून इथाइल ॲसिटेट हे एस्टर आणि पाणी बनतं, आणि उलटही होतं. उत्प्रेरक (वेग वाढवणारा पदार्थ) नसेल तर ही अभिक्रिया इतकी रेंगाळते की तासाभराने काढलेला नमुनाही आधीसारखाच दिसतो. ती पोचलेली नसते, संध्याकाळच्या ठाणे-बेलापूर रोडसारखी मुंगीच्या पावलांनी सरकत असते.

खात्री करायची तर दोन्ही बाजूंनी ये. एका बाटलीत ॲसिड आणि अल्कोहोल, दुसरीत एस्टर आणि पाणी. सगळं समान मोल, दोन्हीत उत्प्रेरक म्हणून तेवढेच थेंब सल्फ्युरिक ॲसिड. दोन्हीकडचं ॲसेटिक ॲसिड एकाच आकड्यावर आलं, तर समतोल मान. पहिल्या बाटलीत सुमारे दोन तृतीयांश ॲसिडचं एस्टर झालेलं दिसेल, कारण समतोल स्थिरांक, म्हणजे (एस्टर × पाणी) ÷ (ॲसिड × अल्कोहोल), 4 च्या आसपास आहे.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- बूच घट्ट लाव. इथाइल ॲसिटेट 77 अंशांनाच उकळतं, उघड्या बाटलीतून उडून जातं.
- वॉटर बाथ सोडू नकोस. दुपारचा उकाडा आणि रात्रीचा एसी यांत वेग बदलतो, मग आकड्यांचा अर्थच लागत नाही.
- नमुना लगेच बर्फगार पाण्यात टाक आणि टायट्रेट कर. सल्फ्युरिकचा वाटा वजा कर, हे हमखास राहतं.

सक्रियता गुणांकासारख्या बारीक दुरुस्त्या नंतर बघू. आज बाटल्या भरून ठेव.