वाचकांचे प्रश्न: चक्रव्यूह मांडवीत आणताना

प्रश्न : आम्ही चौघं बडोद्यात अ‍ॅनिमेशन शिकतो. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी अभिमन्यूची कथा आजच्या काळात आणायची आहे. अभिमन्यू स्कूटरवर, चक्रव्यूह म्हणजे मांडवीची गर्दी, शेवटी रथाच्या चाकाऐवजी तो स्टेपनी उचलतो. फिल्म ८ मिनिटांची, हातात ४ महिने. मार्गदर्शक म्हणतात, "वेशांतर झालं, कथा कुठाय?" काय चुकतंय?

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. रथाची स्कूटर केली तरी प्रसंग हलत नाही. द्रोणपर्वात नेमकं काय घडतं ते एकदा कागदावर लिहून काढा. युद्धाचा तेरावा दिवस. संशप्तकांनी, म्हणजे जिंकू किंवा मरू अशी शपथ घेतलेल्या योद्ध्यांनी, अर्जुनाला दूर ओढून नेलंय. व्यूह फोडायची विद्या उरलेल्यांपैकी एकट्या अभिमन्यूला येते, आणि तीही आत शिरण्यापुरतीच. हे तो स्वतः सांगतो. त्यावर घरातली मोठी माणसं म्हणतात, तू वाट कर, आम्ही मागोमाग येतोच. जयद्रथ त्यांना तोंडाशीच अडवतो. पोरगा आत एकटा पडतो.

आजच्या काळात आणायचं आहे ते "मागोमाग येतोच" हे वाक्य. ते आज कोण कोणाला म्हणतं? समजा, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या जागेची बोलणी आहेत. कागदपत्रं वाचता येणारा घरात एकच, सोळा वर्षांचा. काका म्हणतात, "तू हो पुढं, आम्ही आलोच." जिन्याच्या पहिल्या वळणावर एक ओळखीचा माणूस काकांना चहाला थांबवतो. तोच जयद्रथ. त्याला राक्षसी चेहरा नको, अरुंद जिना आणि त्याचा रुंद खांदा पुरे. एवढं साधलं की स्कूटर असो वा नसो, प्रेक्षकाला अभिमन्यू ओळखू येतो.

मांडवीबद्दल, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मंडपाबद्दल. चार दरवाजांतला भाग देखणा आहे, पण व्यूहाच्या उलट आहे. मांडवीखाली उभं राहिलं की लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चारही दरवाजांकडे रस्ते सरळ जातात. जिथून बाहेरची वाट दिसते तिथे कोंडल्याची भीती उभी राहत नाही. व्यूह रंगवायचा तर पोळांत, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीबोळांत शिरा. दर शॉटला गल्ली थोडी अरुंद करा, आभाळाची पट्टी बारीक करत न्या, आणि एकदा गेलेली गल्ली पुन्हा त्याच कोनातून दाखवू नका. मांडवी शेवटच्या शॉटला ठेवा, सगळं संपल्यावर, रिकामी.

आणखी एक. अभिमन्यू मराठी बोलतो आणि त्याला घेरणारे सगळे गुजराती, अशी वाटणी चुकूनही करू नका. बडोद्यात दोन्ही भाषा एकाच ओट्यावर नांदतात. त्या वाटणीने तुमची कथा घरातल्या माणसांनी दिलेल्या शब्दाची राहणारच नाही.

आता ८ मिनिटं. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. ८ मिनिटांची ५७६० होतात. चौघांनी रोज प्रत्येकी १५ स्वच्छ चित्रं काढली तर नुसत्या रेषेला ९६ दिवस. तेही चौकटीत एकच पात्र असेल तर. रंग, पार्श्वभूमी, आवाज यांतलं काहीच त्यात नाही. ३ मिनिटांची २१६० चित्रं ३६ दिवसांत होतात. ३ मिनिटांचीच करा. पहिला महिना फक्त स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिकला द्या: कच्ची चित्रं, मोबाइलवर बोललेले संवाद, खऱ्या लांबीत. कात्री तिथेच लावा. रंगवून झालेला शॉट काढून टाकायला कोणाचाच हात उचलत नाही.

प्रश्न : सुभद्रेच्या पोटात ऐकलेली विद्या आम्ही गाळली, तर घरची मंडळी म्हणतात, "मग ते महाभारतच नाही." गाळलं तर चालेल का?

चालेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत अभिमन्यू एवढंच म्हणतो की आत शिरण्याची रीत वडिलांनी शिकवली, संकटात बाहेर पडणं मात्र जमायचं नाही. पोटातल्या बाळाची गोष्ट परंपरेने जोडली. तसंच "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य. मयसभेत दुर्योधनाची फजिती होते, लोक हसतात, द्रौपदीही हसली अशी तक्रार तो पुढे करतो, पण ते वाक्य त्या आवृत्तीत नाही. रामायण करणार असाल तर चिकित्सक आवृत्ती आपल्या बडोद्यातच तयार झाली, प्राच्यविद्या मंदिरात, १९६० ते १९७५ या काळात तिचे खंड निघाले. तिथे लक्ष्मणरेषा शोधून पाहा, सापडणार नाही.

म्हणून परंपरेतलं काही घेऊच नका असं नाही. आजीने सांगितलेली गोष्टही आपलीच आहे. फक्त कुठलं कुठून घेतलं हे तुम्हाला पक्कं ठाऊक हवं, म्हणजे परीक्षकांसमोर किंवा घरी उत्तर देता येतं.

प्रश्न : संवादाला ओठ जुळत नाहीत. सुरुवात बरी वाटते, शेवटाकडे तर आवाज भलतीकडेच जातो.

हे दोन वेगळे आजार आहेत. शेवटाकडे वाढत जाणारा फरक फ्रेमच्या गतीचा. चित्रं २४ ने केलीत आणि एडिटिंगची टाइमलाइन २५ वर राहिली, तर दर २५ सेकंदांना चित्र १ सेकंद पुढे पळतं. ३ मिनिटांच्या ४३२० फ्रेम १७२.८ सेकंदांतच संपतात, आवाज ७.२ सेकंद मागे उरतो. ओपनटूंझ, क्रिता, ब्लेंडर, एडिटिंग, जे वापराल तिथे पहिल्याच दिवशी २४ करा. आवाज सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ.

ओठांचं दुखणं मराठीत जास्त जाणवतं, कारण आपल्या बोलण्यात म फार. तुमचंच वाक्य घ्या: "मी फोडतो, तुम्ही मागून या." "मी", "तुम्ही" आणि "मागून" अशा तिन्ही ठिकाणी ओठ मिटलेच पाहिजेत. फो म्हणताना काही जण ओठ मिटतात, काहींचे वरचे दात खालच्या ओठाला लागतात, तेव्हा बोलणाऱ्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दोन फ्रेमला एक चित्र म्हणजे एक चित्र सुमारे ८३ मिलिसेकंद टिकतं. ओठ मिटतात तोही क्षण साधारण तेवढाच. तो दोन चित्रांच्या सीमेवर पडला की मिटलेला ओठ गायब होतो, आणि नेमकं तेच डोळ्याला खुपतं. उपाय असा: तोंड वेगळ्या लेअरवर घ्या आणि तेवढंच एकेका फ्रेमने हलवा. मिटलेला ओठ किमान दोन फ्रेम टिकवा, लागणारी फ्रेम आधीच्या स्वरातून काढा. सगळी तोंडं आवाजाच्या एक फ्रेम आधी सरकवून पाहा, बहुतेकदा तेवढ्यानेच काम होतं. तोंडाचे आठ आकार पुरतात.

प्रश्न : आम्ही कागदावर काढून स्कॅन करतो. चित्र थरथरतं, उजेड लुकलुकतो. आणि रथाचं चाक उलटं फिरतं!

थरथर कागद हलल्याची. ऑफिसातल्या साध्या पंचची भोकं ८० मिलिमीटर अंतरावर, ६ मिलिमीटर व्यासाची असतात. पट्टीवर त्याच मापाच्या दोन लाकडी खुंट्या बसवा, तशीच पट्टी स्कॅनरच्या काचेवर कडेला चिकटवा. लुकलुक स्कॅनरच्या आपोआप उजेडाची, तो पर्याय बंद करा. ए-फोर आडवा, २०० डीपीआय. १५० ने रुंदी १७५४ पिक्सेलच येते, फिल्मला १९२० लागतात.

चाकाला १२ आरे असतील तर दोन आऱ्यांत ३० अंश. प्रत्येक चित्रात चाक १५ अंश फिरवलंत तर दिशाच कळत नाही, २५ फिरवलंत तर ५ अंश मागे गेल्यासारखं दिसतं, ३० ला ते जागीच थांबतं. दर चित्राला १० अंशांच्या आत राहा. त्याहून वेग हवा असेल तर आरे पुसून नुसती धूसर वर्तुळं काढा आणि एका आऱ्याला चिंधी बांधा. डोळा त्या चिंधीमागे फिरतो. स्टेपनीच्या बंद चाकालाही अशी एक खूण लागेल, नाहीतर ते घरंगळताना फिरतंय हे कळणारच नाही.

प्रश्न : कीर्तिमंदिरातलं महाभारताचं भित्तिचित्र फिल्ममध्ये वापरता येईल?

जाऊन पाहा, वहीत रेखाटनं करा, गर्दीतली माणसं एकमेकांवर कशी रचली आहेत ते शिका. चित्र जसंच्या तसं मात्र घालू नका. ते काढणारे नंदलाल बोस १९६६ मध्ये गेले, आणि आपल्याकडे चित्रकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं धरतात, म्हणजे २०२६ संपेपर्यंत. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांना ही अडचण नाही. पण संग्रहालयात फोटो काढायची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ती आधी लेखी मागा.