आधी राबवलं, मग नर्फ केलं!

प्रश्न : तीन महिने रात्री जागून रणगाड्यांच्या ऑनलाइन गेममध्ये दहाव्या टियरचा, म्हणजे दहाव्या पायरीचा, जड टँक मिळवला. सतराव्या दिवशी पॅच (गेमचा अपडेट) आला आणि त्याचा रीलोड, म्हणजे पुढचा गोळा भरायचा वेळ, दहा सेकंदांवरून साडेअकरावर गेला. सपोर्टला लिहिलं, तर ‘तुमचा अभिप्राय संबंधित टीमकडे पाठवला आहे’ एवढंच उत्तर. आधी लोकांना राबवून घ्यायचं आणि मग नर्फ करायचं, म्हणजे मिळवलेली गोष्ट कमजोर करायची, हा ठरवून केलेला धंदा नाही का?

उत्तर : सतरावा दिवस तुम्ही मोजलात, तिथेच किती लागलंय ते कळलं. मीही यातून गेले आहे. माझ्या लाडक्या टँकच्या टरेटवरचा (तोफेच्या फिरत्या बुरुजावरचा) क्युपोला, म्हणजे छोटा घुमट, एका पॅचमध्ये पातळ केला, तेव्हा मी आठवडाभर गेम उघडला नव्हता आणि भाच्याने ‘मावशी सुतकात आहे’ असं जाहीर करून टाकलं होतं.

तरी आधी हिशेब करू. एका गोळ्याला ४०० डॅमेज (नुकसान) देणारी तोफ धरा. दहा सेकंदांचा रीलोड म्हणजे मिनिटाला सहा गोळे, २,४०० डॅमेज. साडेअकरा सेकंदांना तेच साधारण २,०८७ होतं. १३ टक्क्यांची कात्री, कागदावर जबरच. पण मिनिटभर अखंड गोळे झाडत तुम्ही शेवटचं कधी उभे होतात? जड टँकची लढाई बहुतेक वेळा कोपऱ्यावरून डोकावणं, एक मारणं, एक अंगावर घेणं आणि मागे सरकणं अशीच चालते. तिथे एका गोळ्याचं वजन जास्त, रीलोडचं त्यामानाने कमी. तुमचा ४०० चा गोळा अजून ४०० चाच आहे. त्यांनी तो कापला असता तर मीही तुमच्या सुरात सूर मिसळून ओरडले असते.

धंद्याचा संशय घ्यायचाच, तर प्रीमियम टँकवर घ्या. आणि तिथे गंमत उलटी आहे. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये पैसे मोजून घेतलेल्या प्रीमियम टँकला थेट कमजोर करायचं नाही, अशी रीत वर्षानुवर्षं होती. टाइप ५९ हा प्रीमियम टँक जिकडेतिकडे दिसायला लागला तेव्हा तो नेहमीच्या विक्रीतून काढून घेतला. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे तो राहिलाच. विकलेल्या गोष्टीला हात लावायची चोरी झाली, की तोल सांभाळायला बाकीच्यांना वर उचलावं लागतं. नवे टँक जरा जरा जबर येत राहतात आणि जुना टँक जागच्या जागी म्हातारा होतो. पॅच नोट्समध्ये, म्हणजे बदलांच्या जाहीर यादीत, या नर्फची एक ओळही नसते. तुमच्या दीड सेकंदापेक्षा मला याचा राग जास्त येतो.

आता, टँक डोईजड झालाय हे ठरवतात कशावरून? १५ विरुद्ध १५ च्या लढाईत बहुतेक टँकचं जिंकण्याचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास घुटमळतं. दोन-तीन टक्के वर गेलं की बोट त्या टँककडे जातं. पण आत बसलंय कोण? लांबलचक मोहिमा पार केल्यावर बक्षीस मिळणारा टँक मुळात मुरलेल्या हातांतच पडतो. तो बेताचा असला तरी आकडे देखणे येणार. दुकानातला टँक पहिल्याच आठवड्यात नवखे उचलतात. तो चांगला असला तरी आकडे रडके. म्हणून तोच खेळाडू त्याच टियरच्या इतर टँकमध्ये किती जिंकतो आणि या टँकमध्ये किती, ही तुलना करावी लागते. वॉर थंडर या दुसऱ्या गेममधल्या बॅटल रेटिंगवर, म्हणजे कोणत्या ताकदीच्या वाहनांशी गाठ पडणार ते ठरवणाऱ्या आकड्यावर, खेळाडूंचा जुना राग याच मुद्द्यावर आहे. एखाद्या देशाची वाहनं मोजकेच पण पक्के खेळाडू चालवतात, निकाल चांगले येतात, वाहन वरच्या रेटिंगला ढकललं जातं, आणि मग ते पहिल्यांदाच घेणारा बिचारा तिथे जाऊन भाजून निघतो.

राहिला सपोर्ट. तिथे बसलेला माणूस तुमची अडकलेली खरेदी सोडवतो, बंद पडलेलं खातं उघडून देतो. रीलोडचा आकडा त्याच्या हातात नसतो, त्यामुळे त्याने पाठवलेलं उत्तर कोरडं असलं तरी खोटं नाही. मात्र बदलाचं कारण पॅच नोट्समध्ये एका वाक्यात तरी द्यायला हवं होतं, आणि त्याआधी टेस्ट सर्व्हरवर तो टँक लोकांना चालवून बघू द्यायला हवा होता. ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी. लिहायचं तर यावरच लिहा.

प्रश्न : माझे गोळे लागतात आणि काहीच होत नाही, समोरच्याचा एक गोळा लागला की मी अर्धा संपतो. नशिबाचा आकडा माझ्याविरुद्ध लावलाय का?

उत्तर : नाही. पण नशीब आहे, आणि ते चांगलं घसघशीत आहे. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये डॅमेज आणि पेनिट्रेशन (चिलखत भेदण्याची ताकद), दोन्हींत २५ टक्के वर-खाली होण्याची रीत अनेक वर्षं चालत आली. म्हणजे ४०० चा गोळा कधी ३०० देतो, कधी ५००. समोरच्याचे १,००० हिट पॉइंट उरले असतील तर तीन गोळ्यांत तो सरासरीने संपायला हवा, पण तिन्ही कमी पडले तर तो शंभरावर जिवंत राहून तुम्हालाच लोळवतो. माझ्या मते २५ जरा जास्तच आहे. थोडी अनिश्चितता असावी, नाहीतर समोरासमोर येताच कोण मरणार हे पाढ्यासारखं कळेल.

मात्र ‘काहीच होत नाही’ याचं कारण बहुतेक वेळा कोनात असतं. १०० मिलिमीटरची चिलखताची पट्टी उभ्यापासून ६० अंश तिरकी केली की गोळ्याला २०० मिलिमीटर कापावे लागतात. मी सुरुवातीला एका तिरक्या नाकाच्या टँकवर ओळीने पाच गोळे वाया घालवले होते, आणि शेजारून भाचा शांतपणे म्हणाला, ‘‘मावशी, तू भिंत रंगवतेयस का?’’ खालची पट्टी, टरेटची कड, बाजू. तिथे मारा, मग नशिबाला शिव्या द्या.

प्रश्न : डेव्हलपर आपलं ऐकतात असं कधी होतं का? वाहन चुकीचं बनवलंय हे त्यांना पटवायचं कसं?

उत्तर : कसं पटवू नये, ते आधी. २०२१ मध्ये वॉर थंडरमधला चॅलेंजर २ खऱ्या रणगाड्यासारखा नाही हे सिद्ध करायला एका खेळाडूने त्या रणगाड्याच्या लष्करी पुस्तिकेतली पानं सगळ्यांसमोर टाकली. ती गोपनीय होती. कंपनीने ती काढून टाकली, आणि असा कागद आम्ही पुरावा म्हणून घेणारच नाही, असं सांगितलं. त्याच वर्षी फ्रेंच लक्लेर्क रणगाड्याच्या बाबतीत पुन्हा तेच! वाद जिंकायच्या हट्टापायी माणूस कुठवर जाईल, सांगता येत नाही.

आकडा पटत नाही आणि आकडा चुकीचा चालतोय, या दोन तक्रारी एका पत्रात घालू नका. एका गेममध्ये दरीच्या कडेला माझा टँक हवेत लटकायचा. मी दोनदा पानभर संताप लिहून पाठवला, उत्तर नाही. तिसऱ्यांदा फक्त रिप्ले (लढाईचं रेकॉर्डिंग), नकाशातला चौकोन आणि ‘चौथ्या मिनिटाला बघा’ एवढंच पाठवलं. पुढच्या पॅचमध्ये ती कड दुरुस्त झाली. माझ्यामुळेच झाली असा माझा दावा नाही, पण भाच्याला मी तसंच सांगितलंय.

पैशांच्या बाबतीत मात्र एकट्याचा रिप्ले पुरत नाही. मे २०२३ मध्ये वॉर थंडरच्या कमाई-खर्चाच्या बदलांवर खेळाडू इतके भडकले, की स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर नापसंतीचा पूर आला. ते बदल मागे घेतले गेले आणि पुढे काय काय करणार याची यादी कंपनीला जाहीर करावी लागली. एरवी मला झुंडीने गुण पाडणं आवडत नाही. त्या वेळी आवडलं.

प्रश्न : आर्टी (लांबून मारा करणाऱ्या तोफा) गेममधून काढून का टाकत नाहीत?

उत्तर : हे या महिन्यातलं या विषयावरचं सहावं पत्र, म्हणून थोडक्यात. एप्रिल २०१७ च्या ९.१८ पॅचमध्ये वर्ल्ड ऑफ टँक्सने एका संघात जास्तीत जास्त तीनच आर्टी ठेवल्या, एका गोळ्याचा घाव कमी केला आणि त्याऐवजी काही सेकंद बधिर करण्याची ताकद दिली. पूर्वी तुम्ही एका फटक्यात मरायचात, आता अर्धा वेळ बधिर होऊन चिडता. माझं मत विचाराल तर मला पहिलं बरं वाटायचं, निदान पटकन पुढच्या लढाईला जाता यायचं. आणि हो, मी स्वतः आर्टी खेळते. पुढची सहा पत्रं त्यावर येऊ द्यात.