प्रयोगशील शाळेत नोकरी शोधताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा अर्ज, दोन्ही वाचलं. महानगरातल्या जेवढ्या म्हणून प्रयोगशील शाळा सापडतील तेवढ्यांना हाच अर्ज धाडायचा तुझा बेत आहे, म्हणून तातडीने लिहायला बसले. तो अर्ज अजून पाठवू नकोस.

‘प्रयोगशील’ या एका पाटीखाली एकमेकींशी अजिबात न पटणाऱ्या परंपरा नांदतात. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या वाटेने जाणाऱ्या वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात. एकावर एक रचायच्या गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे कसे हाताळायचे ते ठरावीक रीतीने दाखवलं जातं आणि मूल कामात गढलं की बाईंनी मध्ये तोंड घालायचं नाही. पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला निघाली, तीही सिगारेटच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. तिथे गोष्टी, गाणी, रंग यांना मोठा मान, वाचन-लेखन जरा उशिरा, आणि एकच वर्गशिक्षक वर्षानुवर्षं त्याच मुलांबरोबर वरच्या इयत्तेत जातो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईंनी १८९६ मध्ये शिकागोत काढलेल्या शाळेत स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम यांतून विषय शिकवले जात. आणि इंग्लंडमधल्या समरहिल शाळेत तासाला बसायचं की नाही, हे मूलच ठरवतं!

आता तुझ्या अर्जातलं वाक्य बघ: ‘परीकथांमधून मुलांची कल्पनाशक्ती फुलवायला मला आवडेल.’ वॉल्डॉर्फवाले खूश होतील. पण लहान वयात परीकथांपेक्षा खऱ्याखुऱ्या जगाशी ओळख व्हावी असं माँटेसोरींचं मत होतं, त्यामुळे तिथली मुख्याध्यापिका याच वाक्यावर थबकेल. शिवाय माँटेसोरी शाळा बहुधा त्या पद्धतीची पदविका मागतात. ती नसेल तर थेट वर्ग मिळणं कठीण, सहायक म्हणून शिरकाव होऊ शकतो. ड्युईंच्या वळणाच्या शाळांना पदविकेपेक्षा तू प्रकल्प कसा उभा करतेस, याचं जास्त कौतुक असतं. शाळा शासनमान्य असेल तर तिथले पात्रतेचे नियम आधी विचारून घे. नंतर हळहळण्यात अर्थ नाही.

तेव्हा आधी चार-पाच शाळा निवड आणि वर्ग बघायला येऊ का, असं विचार. त्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी मात्र जाऊ नकोस. त्या दिवशी सगळ्याच शाळा प्रयोगशील असतात. साध्या दिवशी सकाळी जा, कोपऱ्यात बस आणि भिंतींकडे बघ. एकाच साच्यातली तीस फुलपाखरं लावलेली असतील तर माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो, त्या वर्गात विचार बाईच करतात. पाणी सांडलं की फडकं कोण आणतं? मुलांचे प्रश्न पुरे होतात की मध्येच तोडले जातात? या भेटीचा आणखी एक फायदा आहे. लहान शाळा जाहिरात क्वचितच देतात. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणी गाव बदललं की आधी ओळखीचा चेहरा आठवतात.

आता अर्ज. ‘मला मुलांची मनापासून आवड आहे’ हे प्रत्येकीच्या अर्जात असतं. निवड करणाऱ्यांना हवी असते मूल नीट पाहू शकणारी बाई. मागे फोनवर तू त्या सहा वर्षांच्या मुलाबद्दल सांगितलं होतंस ना? सात अधिक पाच अकरा, सहा अधिक तीन आठ, प्रत्येक उत्तर बरोबर एकाने कमी. तू त्याला चूक म्हणाली नाहीस, मोठ्याने मोजायला सांगितलंस. तेव्हा कळलं की पाच मिळवताना तो ‘सात’पासूनच पहिलं बोट उघडतो: सात, आठ, नऊ, दहा, अकरा. मग तू जमिनीवर खडूने आकडे लिहून त्याला सातावर उभं केलंस आणि पाच उड्या मारायला लावल्यास. तो बारावर पोचला आणि वळून तुझ्याकडे बघत राहिला. अगं, हा मुलगा तुझ्या अर्जात कुठे आहे? त्याचं नाव न घेता अगदी असंच लिही. तुझ्या तीन परिच्छेदांतल्या ‘सर्वांगीण विकासा’पेक्षा हा एक परिच्छेद भारी पडेल.

डेमो घ्यायला बोलावलं तर पाठ छोटा ठेव. मागे बसलेल्यांना तुझे रंगीत तक्ते बघायचे नसतात. एखाद्या मुलाने भलतंच उत्तर दिलं की तू काय करतेस, तिकडे त्यांचं लक्ष असतं. पाठ अर्धवट राहिला तरी चालेल, ते उत्तर सोडू नकोस.

पगाराबद्दल बोलायला लाजू नकोस. ‘आमच्याकडे ध्येयाने काम करतात’ असं म्हणून आकडा सांगायचं टाळणारी शाळा मला तरी आवडत नाही. वर्गात मुलं किती, मदतीला कोण, मुलांच्या नोंदी लिहायला शाळेच्या वेळेत तास मिळतो की ते काम रात्री घरी, हे स्पष्ट विचार. प्रयोगशील शाळांत नोंदींचं काम खूप असतं. पाच वर्षांहून जास्त टिकलेल्या शिक्षिका किती, हेही विचार आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघ. सहायकाची जागा मिळाली तर कमीपणा मानू नकोस, फक्त वर्ग कधी मिळेल ते लेखी घे. आणि अंतर! रोज जाऊन-येऊन तीन तास प्रवासात गेले तर कितीही चांगली शाळा असो, अंगात त्राण उरत नाही.

नवा अर्ज दोन पानांत बसव आणि शाळांची नावं ठरली की दोन्ही मला पाठव. त्या मुलाचा परिच्छेद सगळ्यात वर घाल.

तुझी,
बाई